दंडावरची थरथर: ऐकू न येणाऱ्या माणसाला कंपनातून निरोप कसा द्यायचा

माझी आत्या इंदूरला रामबागेत एकटी राहते, वय ७४, मराठी शाळेत मराठीच शिकवून रिटायर झालेली. गेल्या काही वर्षांत ऐकणं कमी होत होत आता कानात मशीन असूनही दाराची बेल तिला कळत नाही. माणूस बेल वाजवून वाजवून परत जातो, कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ तळाला लागते, फोन उशीशेजारी वाजत पडतो. आधी आम्ही बेलसोबत लुकलुकणारा दिवा लावला, पण दिवा दिसायला त्याच खोलीत आणि त्याच दिशेला तोंड करून बसलेलं असावं लागतं, आणि घरात कामं करणारी बाई असं कधी बसते का? अंगावर येणारा इशारा मात्र पाठ फिरवलेली असली, डोळे मिटलेले असले, दुसऱ्या खोलीत असली तरी पोचतो. म्हणून मी तिच्यासाठी थरथरणारा पट्टा बनवला, तीनदा सगळा मोडून परत केला, आता ती तो रोज वापरते, आणि त्यात जे कळलं ते इथे लिहितेय म्हणजे तुमच्या घरी कुणासाठी करायचा असेल तर तीन वेळा मोडावा लागणार नाही.

हे फक्त कमी ऐकू येणाऱ्यांसाठी नाहीये बरं का. आयआयटी दिल्लीत तयार झालेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली स्मार्टकेन ही काठी समोरचा अडथळा अल्ट्रासाऊंडने ओळखते आणि मुठीतल्या थरथरीतून सांगते, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाचे कान रस्त्याच्या आवाजासाठी मोकळे राहतात. रिझर्व्ह बँकेचं २०२० चं मनी ॲप नोट ओळखून बोलून सांगतं आणि ज्यांना दिसतही नाही, ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी कंपनानेही सांगतं. पद्धत सगळीकडे तीच, निरोप बदलतात.

पहिलं काम कागदावर

मोटर आणायच्या आधी एक आठवडा वही ठेवा. त्या माणसाकडून दिवसभरात काय काय सुटलं ते लिहायचं, कधी आणि त्यामुळे काय झालं ते पण. आत्याच्या वहीत अकरा गोष्टी आल्या: दार, कुकर, फोन, गॅस, दुधाची गाडी, वॉशिंग मशीन संपल्याचा आवाज, शेजारच्या काकूंनी मारलेली हाक, गोळीची वेळ, अजून असंच काहीबाही. मी उत्साहात अकराच्या अकरा पट्ट्यात घालायला निघाले होते आणि पहिली चूक तिथेच झाली.

कंपनात शब्द फार थोडे असतात. आता कुणी म्हणेल की शिकलं तर पुष्कळ येतं, आणि ते खरं आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डार्ड यांनी १९५७ मध्ये छातीवर पाच कंपक लावून, तीन जोर आणि तीन लांब्या अशा मिळून ४५ खुणांची एक भाषाच केली होती आणि त्यांच्याकडे शिकलेला एक जण मिनिटाला ३८ शब्दांपर्यंत ‘वाचायला’ लागला होता. पण तो प्रयोगशाळेत बसून, सगळं लक्ष तिकडे देऊन, तासन् तास सराव केलेला माणूस. आपला माणूस पोळ्या लाटत असतो. त्याला अचानक दंडावर काहीतरी होतं आणि दोन सेकंदांत कळायला हवं की उठायचं कुठे.

म्हणून चाळणी लावायची. ज्या निरोपावर आत्ताच्या आत्ता उठून काहीतरी करायचं असतं तेवढेच ठेवायचे. दुधाची गाडी वेळेवर येते, ती घड्याळ बघून कळते. वॉशिंग मशीन अर्धा तास थांबू शकतं. व्हॉट्सॲप तर नकोच नको, दिवसातून साठ वेळा दंड थरथरला की माणूस दोन दिवसांत पट्टा काढून कपाटात ठेवतो. आमच्याकडे चार उरले: दार, कुकर, फोन, गॅस. पाचाच्या वर जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कातडी काय ओळखते आणि काय नाही

इथे थोडं थांबायला हवं कारण पुढचं सगळं ह्यावर उभं आहे. आपल्या त्वचेत स्पर्शाची वेगवेगळी टोकं असतात. जलद थरथर पकडणारी जी आहेत, पॅसिनियन कणिका, ती त्वचेत खोल असतात आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनांच्या आसपास, म्हणजे २५० हर्ट्झच्या जवळ, सगळ्यात तल्लख असतात. हळू फडफड, १० ते ५० हर्ट्झची, ती वरच्या थरातल्या माइसनर कणिका पकडतात. फोनमधली मोटर २०० हर्ट्झच्या आसपास फिरते ती ह्याच टप्प्यात बसते, त्यामुळे एवढीशी असूनही जाणवते.

दुसरी गोष्ट अंतराची. दोन टोकं एकाच वेळी टेकवली तर ती दोन आहेत हे कळायला बोटाच्या टोकावर २-३ मिलिमीटर पुरतात, पण दंडावर आणि पाठीवर तीन-चार सेंटीमीटर किंवा जास्त लागतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी हे १८३० च्या दशकातच मोजून ठेवलंय, घरी दोन टूथपिक घेऊन करून बघा, विश्वास बसत नाही. म्हणजे पट्ट्यात दोन मोटरी दोन सेंटीमीटरवर लावून ‘डावी-उजवी’ कळेल ही आशा फुकट. शिवाय थरथर हाडातून आणि कडक प्लास्टिकमधून पसरते, तेव्हा टोकांपेक्षाही जास्त अंतर ठेवावं लागतं. मी आठ सेंटीमीटर ठेवलं.

आणि वय. वाढत्या वयात ही जलद थरथर ओळखणं मंदावतं, त्यात साखर असेल तर नसांवर परिणाम होऊन आणखी. मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टर पायाच्या अंगठ्याला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लावून ‘थरथर कळतेय का’ विचारतात ते हेच बघायला. तुमच्या माणसाला साखर असेल तर पाय, घोटा ह्या जागा आधीच सोडून द्या. थंडीत बोटं गार पडली की तिथलंही कमी कळतं, इंदूरच्या जानेवारीतल्या सकाळी आत्याला बोटातल्या अंगठीसारख्या मोटरीचं काहीच कळलं नव्हतं, दुपारी उन्हात तीच मोटर व्यवस्थित कळली.

पट्टा कुठे बांधायचा

सगळे मनगट म्हणतात, मीही तिथूनच सुरू केलं. पण आत्याच्या हातात बांगड्या. मोटर सुरू झाली की बांगड्या किणकिणतात, तिला ते ऐकू येत नाही पण थरथर बांगड्यांमध्ये वाटली जाते आणि नेमका ठोका बोथट होतो. त्यात मनगट हे सतत कामात, आणि हात हलत असताना त्या हातावरचा बारीक स्पर्श मेंदूपर्यंत कमी पोचतो, हे सगळ्यांचंच होतं. कणीक मळताना तर काहीच कळत नाही.

मग एक दिवस तिनेच सांगितलं, ‘अगं, बाजूबंद घालतात तिथे लाव ना, तिथे काही अडत नाही.’ आणि तीच जागा बरोबर निघाली. दंडावर, ब्लाउजच्या बाहीच्या खाली, एक मोटर बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या बाजूला. ओलं होत नाही, बांगड्या नाहीत, काम करताना मनगटापेक्षा कमी हलतं. तुमच्याकडे पुरुष असेल, पूर्ण बाहीचा शर्ट घालत असेल तर तोही वरून दिसत नाही. ज्याचा पट्टा आहे त्यालाच विचारा, जागा आपण ठरवायची नाही.

घट्टपणा असा की खाली एक बोट सहज जाईल. सैल झाला तर मोटर हवेत फिरते, फार आवळला तर दोन तासांत वळ उठतो आणि दाबलेली त्वचा बधिर होते. पट्टा चार सेंटीमीटर रुंद इलास्टिकचा, आतून सुती कापड, आणि टोकाला वेल्क्रो म्हणजे एका हाताने लावता येतो. ह्या एका हाताच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका, एकटं राहणारं माणूस दुसऱ्याकडून बांधून घेऊ शकत नाही.

मोटर

दोन प्रकार नीट समजून घ्या. एक गोल नाण्यासारखी, १० मिलिमीटर व्यासाची, तिच्या आत एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं. स्वस्त, कुठेही मिळते, इंदूरला जेल रोडवर मोबाईल रिपेअरवाल्यांकडे सुटी मिळते. तिचा स्वभाव सुस्त आहे, करंट दिल्यावर पूर्ण वेगात यायला पन्नास-शंभर मिलीसेकंद लागतात आणि बंद केल्यावरही तेवढीच घरंगळत राहते. आणि तिचा जोर आणि वेग एकत्रच बदलतात, एक कमी केला की दुसरं पण कमी.

दुसरी एलआरए (लिनिअर रेझोनंट ॲक्च्युएटर), तिच्यात स्प्रिंगवरचं वजन सरळ पुढे-मागे होतं, ठराविक वारंवारतेलाच नीट चालते, मॉडेलप्रमाणे १५० ते २३५ हर्ट्झच्या दरम्यान. ठोका कडक आणि स्वच्छ मिळतो, पण तिला सरळ बॅटरी जोडून चालत नाही, ड्रायव्हर चिप लागते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही२६०५एल ही त्यासाठी सगळ्यात सोपी, दोन्ही प्रकारच्या मोटरी चालवते, आत १२३ तयार ठोके भरलेले आहेत आणि मोटर थांबवायला ब्रेक पण लावते. एकच अडचण, तिचा पत्ता चिपमध्ये पक्का असतो म्हणून एका तारेवर दोन चिपा लावल्या तर दोन्ही एकदम बोलायला लागतात, मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे एका वेळी एकाच चिपेशी बोलू देणारा भाग, घालावा लागतो.

पहिल्यांदाच करत असाल तर नाण्यावाली घ्या. चार निरोपांना ती पुरते, आणि तुटली तर परत आणायला मन दुखत नाही.

जोडणी

मोटर सरळ कंट्रोलरच्या, म्हणजे पट्टा चालवणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डच्या, पिनला जोडू नका. नाण्यावाली मोटर ६०-८० मिलीअँपिअर खाते, सुरू होताना त्याहून जास्त, आणि ईएसपी-३२ किंवा आर्डुइनो (हे असेच बोर्ड) ह्यांची पिन ४० च्या वर गेली की जळू शकते. मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर घाला. बीसी५४७ सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो पण त्याची मर्यादा १०० मिलीअँपिअर, मोटर सुरू होताना तो काठावर जातो, नको. बेसला ४७० ओमचा रेझिस्टर. मोटरच्या दोन्ही टोकांवर उलटा डायोड, १एन४१४८ चालेल, त्याची रेघ प्लसकडे, आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅराडचा छोटा कपॅसिटर. डायोड विसरलात तर मोटर बंद होताना उलटा झटका देते आणि कंट्रोलर अधूनमधून आपोआप रिसेट होतो, हा दोष शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

बॅटरी लिथियमची, भरलेली असताना ४.२ व्होल्ट, मोटर ३ व्होल्टची. म्हणून पूर्ण वेळ चालू न ठेवता पल्स देऊन साधारण ७० टक्क्यांवर चालवायची. फक्त सुरुवातीचे ३० मिलीसेकंद १०० टक्के द्या, त्या धक्क्याने ती लवकर जागी होते.

आता एक जवळून बघायची गोष्ट. ह्या मोटरच्या तारा केसासारख्या असतात आणि तुटतात त्या नेहमी एकाच जागी, मोटरच्या कडेला जिथे तार बाहेर येते तिथे. दंड वाकतो, तार वाकते, आठ-दहा दिवसांत आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक तसंच राहतं, म्हणजे बघून काही कळत नाही. त्या कडेवर हॉट ग्लूचा एक थेंब टाकायचा, तार त्यातून बाहेर येताच एक ढिला वेढा द्यायचा आणि मग कापडाला दोन टाके घालून बांधायची. सुपरग्लू वापरू नका, तो पातळ असतो, आत झिरपतो आणि मोटर जाम होते.

मोटर डब्याला चिकटवायची पण नाही. माझ्या पहिल्या पट्ट्यात मी ती प्लास्टिकच्या डबीत डबल टेपने लावली होती, डबी अख्खी थरथरायची आणि दोन मोटरी असून काही फरक कळत नव्हता. मोटर कापडावर त्वचेच्या बाजूला, आणि कंट्रोलरची डबी आणि मोटर ह्यांच्या मध्ये फोमचा तुकडा.

दाराची आणि किचनची डबी पट्ट्याला निरोप पाठवते ती ईएसपी-नाऊ पद्धतीने, त्याला वायफाय राऊटर लागत नाही, घरात नेट गेलं तरी चालतं. दाराच्या बेलच्या बटणालाच एक जोडणी केली, कुकरसाठी ओट्याजवळ माइक आहे जो शिट्टीचा लांब तीव्र आवाज ओळखतो. गॅससाठी मात्र ऐका: बाजारातला प्रमाणित गॅस अलार्म घ्याच, घरी बनवलेल्या वस्तूवर जीव टांगायचा नाही. आपला पट्टा त्या अलार्मच्या सोबतीला, त्याच्या जागी नाही.

रेडिओ सतत ऐकत ठेवला तर ईएसपी-३२ साधारण ८०-१०० मिलीअँपिअर खातो, म्हणजे ५०० मिलीअँपिअर-तासाची बॅटरी पाच तासांत संपते. म्हणून आम्ही दोन पट्टे केले, एक दंडावर आणि एक चार्जरवर, बॅटऱ्या थोड्या मोठ्या १००० च्या, आणि दुपारी जेवल्यावर अदलाबदल. एक बिघडला तर दुसरा आहे हा फायदा वेगळाच.

निरोपांची बोली: लघु आणि गुरु

माझा पहिला आराखडा असा होता: दार म्हणजे एक सेकंद, कुकर दोन सेकंद, फोन तीन. टेबलावर मोटर ठेवून मला तिन्ही छान वेगळे कळायचे. आत्याच्या हातावर मात्र कुरिअरवाला आला तेव्हा तिने जाऊन गॅस बंद केला, आणि तो परत गेला. असं दोनदा झालं. कारण एकटी लांबी ओळखायला शेजारी तुलनेला काहीतरी लागतं, आणि अचानक आलेल्या थरथरीची सुरुवात नेमकी कधी झाली तेच माणसाला सांगता येत नाही.

मग आत्यानेच कवितेच्या वृत्तांतले गण काढले. तीस वर्षं तिने यमाताराजभानसलगं शिकवलंय, लघु एक मात्रा आणि गुरु दोन मात्रा, तीन अक्षरांचे आठ गण. तीन ठोक्यांचे आठ वेगवेगळे निरोप आयते तयार! ती एवढी खूश झाली की वही घेऊन बसली, न गण दारासाठी, म गण कुकरसाठी, र गण फोनसाठी. आणि तिला ते तोंडपाठ असूनही दंडावर ओळखता येईनात. य, र, त सगळे एकमेकांत मिसळायचे. ज गणातला मधला गुरु कळायचा पण कडेचे लघु गायब.

का ते नंतर समजलं. एक तर नाणे-मोटर बंद केल्यावरही घरंगळते, त्यामुळे १५० मिलीसेकंदांचा लघु प्रत्यक्षात २०० च्या पुढे जातो आणि ३०० चा गुरु त्याच्या जवळ येऊन बसतो. दुसरं, लांब थरथरीच्या लगेच पुढे-मागे आलेली आखूड थरथर तिच्याखाली झाकली जाते, जसं मोठ्या आवाजाच्या मागचा बारीक आवाज जातो. कागदावरच्या मात्रा आणि कातडीवरच्या मात्रा सारख्या नाहीत.

म्हणून मात्रा बदलल्या. लघु १५० मिलीसेकंद, गुरु ५००, म्हणजे तिपटीहून जास्त. दोन ठोक्यांत जागा कमीत कमी १५०, आणि दोन गटांत ५००. आणि गण निवडताना तीन नियम, ह्याच क्रमाने: आधी ठोक्यांची संख्या वेगळी असावी, मग एकूण लांबी, आणि लघु-गुरुची चाल सगळ्यात शेवटी. जोर हा निरोपाचा भाग करूच नका. पट्टा थोडा सरकला, थोडा सैल झाला, बॅटरी उतरली की जोर बदलतो, आणि माणसाला जोराच्या दोन, फार तर तीन पायऱ्याच खात्रीने कळतात. तसंही आमची मोटर खालच्या व्होल्टेजला सुरूच होत नाही, कुकरची वाफ चढते तसा हळूहळू चढणारा ठोका करायला मी गेले होते, पहिला अर्धा भाग नुसताच रिकामा जायचा.

शेवटी ठरलं ते असं. ल म्हणजे लघु, ग म्हणजे गुरु. दार: ललल, थांबा, ललल. कडी वाजवल्यासारखंच, शिकवावं लागलंच नाही. कुकर: एकच लांब, दीड सेकंद, शिट्टीसारखा. फोन: गल, थांबा, गल, जुन्या लँडलाइनच्या ट्रिंग-ट्रिंगसारखा. गॅस: दोन्ही मोटरी आळीपाळीने, आत-बाहेर-आत-बाहेर, २०० मिलीसेकंद एकेक, बटण दाबेपर्यंत थांबायचं नाही. गॅसची दुसऱ्या कशाशी गल्लत होता कामा नये म्हणून त्यालाच फक्त जागा बदलणारा निरोप दिला. जागा हे खरं तर सगळ्यात पक्कं साधन आहे, एकदा मोटरी पुरेशा लांब असल्या की माणूस जागेत सहसा चुकत नाही, त्यामुळे ज्यांना दोन्ही दंडांवर पट्टा चालत असेल त्यांनी डावीकडे घराबाहेरचं आणि उजवीकडे किचनचं असं सरळ वाटून टाकावं.

प्रत्येक निरोपाच्या आधी एक छोटा ‘ऐक’ ठोका द्या, १०० मिलीसेकंद, आणि मग अर्धा सेकंद शांतता. पहिला ठोका नेहमी वाया जातो, माणूस दचकण्यात असतो, तो निरोपाचा भाग असला तर निरोप तुटतो. निरोप तीन सेकंदांनी परत, असा तीनदा, आणि पट्ट्यावर एक मोठं बटण की ‘कळलं’ म्हणून दाबलं की थांबतो. सतत लांबलचक थरथरवत ठेवू नका, त्वचा त्याला सरावते आणि थोड्या वेळाने कळेनासंच होतं. गॅसच्या निरोपात जागा आळीपाळीने बदलण्याचं हे पण एक कारण आहे.

परीक्षा अंगावर

टेबलावरची मोटर सगळ्यांनाच कळते, तिचा आवाज पण येतो. आपली स्वतःची परीक्षा घेत असाल तर कानात हेडफोन घालून गाणं लावा, नाहीतर तुम्ही ऐकून ओळखताय आणि वाटतंय स्पर्शाने कळलं.

चाळीस चिठ्ठ्या करा, प्रत्येक निरोपाच्या दहा, डब्यात घालून हलवा आणि एकेक काढून पाठवा. वहीत चार उभे चार आडवे रकाने: पाठवलं काय आणि तिने सांगितलं काय. एकूण किती बरोबर ह्यापेक्षा कुठला निरोप कुठल्यात मिसळतोय ते बघायचं, त्या दोघांपैकी एकच बदलायचा, चारही नाही. बरोबर-चूक लगेच सांगू नका, पहिल्या फेरीनंतर सांगा.

मग हेच कामात असताना. पोळ्या लाटताना, जिना चढताना, झोपाळ्यावर, आणि मिक्सर धरलेला असताना. मिक्सरने आमची परीक्षा बघितली, हातातून येणारी थरथर दंडापर्यंत जाते आणि फोनचा निरोप त्यात बुडतो. उपाय साधा निघाला, पट्टा डाव्या दंडावर, आत्या मिक्सर उजव्या हाताने दाबते. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिरवणुकीतल्या झांक्या (देखावे) बघायला गेलो तेव्हा पण तिला पट्टा घालून नेलं. ढोल आणि डीजेची धमधम छातीत घुमत होती, मी दोन फुटांवरून ओरडले तर माझं मलाच ऐकू येत नव्हतं, आणि मी खिशातलं टेस्टचं बटण दाबल्यावर आत्याने मान वळवून तीन बोटं दाखवली: ललल. ढोलाचं कंपन खालच्या सुरातलं आणि अख्ख्या अंगाला, पट्ट्याचं बारीक आणि एका जागी, ती सरमिसळ होत नाही.

एक आठवडा पट्टा न घालता जाऊ द्या आणि मग न शिकवता परत चाळीस चिठ्ठ्या. ह्यात जो निरोप विसरला जातो तो वाईट निरोप आहे, माणसाची स्मरणशक्ती नाही. आमचा फोनचा आधीचा निरोप, लगल, इथेच गळाला आणि गल-गल आला.

सोल्डर करायचं नसेल तर

फोननेही बरंच होतं. अँड्रॉइडवर गूगलचं साऊंड नोटिफिकेशन्स आणि आयफोनवर साऊंड रेकग्निशन, दोन्ही २०२० पासून आहेत, बेल, दारावरची थाप असे आवाज ओळखून फोन थरथरवतात. आयफोनवर तर रिंगटोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बोटाने ताल वाजवून स्वतःचा कंपन-ताल बनवता येतो आणि एकेका कॉन्टॅक्टला लावता येतो, मुलीचा वेगळा, डॉक्टरांचा वेगळा.

स्वतः ॲप लिहिणाऱ्यांसाठी: अँड्रॉइड ८ पासून व्हायब्रेशनइफेक्ट आहे, त्यात थांबा-चालू-थांबा-चालू असे मिलीसेकंद ओळीने द्यायचे, पहिला आकडा थांबण्याचा असतो हे विसरू नका. सगळ्या फोनमध्ये जोर बदलता येत नाही, आधी विचारून घ्या आणि नसेल तर निरोप फक्त तालावर उभा राहील असा बनवा. वेबपानावरून करायचं तर नेव्हिगेटरचं व्हायब्रेट आहे, तिथे पहिला आकडा चालूचा, आयफोनच्या सफारीत ते चालत नाही. आयफोन ॲपसाठी आयओएस १३ पासून कोअर हॅप्टिक्स, तिथे जोर आणि धार दोन्ही वेगवेगळे मिळतात. पण फोन अंगाला लागून असेल तरच ह्या सगळ्याचा उपयोग, साडीला खिसा नसतो, म्हणून आमच्याकडे ते चाललं नाही.

रात्र, आणि पट्टा मेला तर

पट्टा शांत आहे ह्याचे दोन अर्थ होतात, कुणी आलं नाही किंवा पट्टा बंद पडलाय, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला ते दोन वेगळे सांगायला काहीच नसतं. म्हणून दर तासाला एक हलका लघु, ‘मी आहे’ म्हणून. तो आला नाही तर बदलायचा. दारातल्या डबीची बॅटरी उतरली तर तेही पट्ट्याला कळलं पाहिजे, दर दहा मिनिटांनी डबी हजेरी देते आणि हजेरी चुकली की पट्टा लललल असे चार देतो.

झोपताना पट्टा काढायचा, त्वचेला मोकळं सोडायचं. रात्रीसाठी उशीच्या खोळीत एक मोठी मोटर आहे, जुन्या गेमपॅडमध्ये असते तसली, लांबोळी आणि जड वजनाची, चार्जरच्या तारेवर चालणारी. रात्री फक्त दार आणि गॅस. कापसाच्या जाड उशीत थरथर जिरते, म्हणून ती खोळीच्या आत पण उशीच्या वर, एका पातळ लाकडी पट्टीवर बांधलीय आणि वरून टॉवेलची एक घडी. आत्याने त्या घडीवर एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने टाका घातलाय, म्हणजे अंथरूण घालताना कुठली बाजू वर ते अंधारातही हाताला कळतं.